पालकांची काळजी मोजायची कशाने?

मुलांच्या शिक्षणाची पालकांना किती धास्ती आहे हे थेट मोजता येत नाही, म्हणून बहुतेक वेळा शिकवणीचा खर्च मोजला जातो. दक्षिण कोरिया 2007 पासून दरवर्षी अशी पाहणी करतो. 2024 मध्ये तिथल्या शाळकरी मुलांच्या शिकवण्यांवर 29 लाख कोटी वोनांहून अधिक खर्च झाला आणि शंभरातली 80 मुलं शिकवणीला जात होती. मुलांची संख्या घटली, खर्च मात्र वाढला. धास्ती वाढली, असं म्हणून मोकळं होण्याचा मोह इथे होतोच. पण त्याच पाहणीत महिना 80 लाख वोनांहून जास्त मिळकतीच्या घरांत एका मुलामागे सरासरी 6 लाख 76 हजार वोन जातात आणि 30 लाखांहून कमी मिळकतीच्या घरांत सुमारे 2 लाख 5 हजार. म्हणजे गरीब आईबापांना एक-तृतीयांशच काळजी? या घरांतली 58 टक्केच मुलं शिकवणीला जातात. फक्त त्यांचाच हिशेब धरला, तर मुलामागचा सरासरी खर्च साडेतीन लाखांवर जातो, म्हणजे मिळकतीच्या निदान अकरा टक्के. श्रीमंत घरांत तोच वाटा दहा टक्क्यांच्या आतच राहतो. रक्कम पाहिली तर खिसा दिसतो; ओढाताण दिसते ती मिळकतीतल्या वाट्यात.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ पालकांनाच विचारा. प्रश्नावल्या आहेतच: ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत खुणा करायच्या. पण मुलाची काळजी वाटत नाही, असं लिहून देणारा पालक विरळाच. तसं लिहिणं म्हणजे आपणच बेफिकीर ठरणं. शिवाय परीक्षेच्या तोंडावर विचारलं तर उत्तर एक, सुट्टीत विचारलं तर दुसरं. त्या मानाने पैसा खोटं बोलत नाही हे खरं, पण तो कशासाठी दिला हेही सांगत नाही. कोरियात लहान मुलं शाळा सुटल्यावर तायक्वांदोच्या वर्गाला जातात, ते बऱ्याचदा आईबाप कामावरून येईपर्यंत कुठेतरी नीट राहावीत म्हणून. तो खर्चही याच बेरजेत पडतो.

आपल्याकडे 2025 च्या सरकारी पाहणीत सुमारे 27 टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेताना आढळले. उरलेल्या 73 टक्क्यांची घरं निश्चिंत आहेत, असं त्यावरून म्हणता येणार नाही. त्यासाठी आणखी दोन प्रश्न लागतील: फी भरताना घरातला कोणता खर्च मागे पडला, आणि परवडलं असतं तर शिकवणी लावली असती का.