लिहायला बसलं आणि सुचेना?

जव्हार-मोखाड्यातला नवा ब्लॉगलेखक दाभोसा धबधबा, जयविलास राजवाडा आणि शिरपामाळ यांवर लिहून मोकळा होतो आणि चौथ्या लेखाला अडतो. बहुतेकदा विषय संपलेला नसतो, तो फार मोठा घेतलेला असतो. अख्ख्या बोहाड्यावर, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याच्या उत्सवावर, लिहू नका. एकच सोंग धरा. त्याचा मुखवटा कोण रंगवतं, वर्षभर तो कुठे ठेवतात, नाचणाऱ्याला तो किती जड होतो? शेतीचंही तसंच. पावसाआधी राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन, भाजताना खाली काय पसरतात, वर काय, हे घरातल्या आजीला विचारा, फोनवर रेकॉर्ड करा आणि तिच्याच बोलीत उतरवा. पहिला खर्डा प्रमाण मराठीत हवा, हा हट्टच अनेकांचा हात धरतो. शुद्धलेखन नंतर बघता येतं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाच्या बोचक्यात काय काय असतं, एवढ्यावरही लेख होतो.

आणि उशीर झाला म्हणून खंतावू नका. शेजारच्या तलासरी-डहाणूतला वारल्यांचा लढा 1945चा. त्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आलं 1970मध्ये. त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला.