वहीत लिहिलेलं 'साल' नेमकं कुठलं?

व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गला गेलात की पहिल्या दहा मिनिटांतच आपण कुठल्या शतकात आहोत ते विसरायला होतं. लोहार भट्टीवर लोखंड घडवतोय, कुठे केसांचे टोप बनतायत, रस्त्यावरून घोडागाडी जातेय. 1699 ते 1780 हे गाव व्हर्जिनियाची राजधानी होतं. तेव्हाचं जगणं आज तिथे त्या काळचे कपडे घातलेली माणसं करून दाखवतात. अशा जागेला लिव्हिंग हिस्ट्री म्युझियम म्हणतात.

मी वहीभर नोट्स काढल्या. 'अठराव्या शतकात रस्ते स्वच्छ होते', 'घरं नीटनेटकी होती', वगैरे. परत आल्यावर मॅडमनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "हे तू कुठल्या सालाबद्दल लिहिलंयस?" मला उत्तर देता येईना.

कारण तिथे एकाच वेळी तीन काळ दिसत असतात.

पहिला, दाखवलेला काळ : मुख्यतः अमेरिकन क्रांतीच्या आसपासचा.

दुसरा, उभारणीचा काळ. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या पैशातून 1926 पासून हे गाव पुन्हा घडवलं गेलं. मूळ गव्हर्नर्स पॅलेस 1781 मध्येच जळाला होता. आपण पाहतो तो 1930च्या दशकात बांधलेला. त्यासाठी जुना पाया खणून काढला, जेफरसनने काढलेला आराखडा वापरला. म्हणजे ती इमारत पुराव्यावर बेतलेला एक युक्तिवाद आहे.

तिसरा, आजचा काळ : कोणाची गोष्ट सांगायची, हे ठरवणारा. क्रांतीच्या वेळी गावातली निम्म्याहून जास्त माणसं कृष्णवर्णीय होती आणि त्यातली बहुतेक गुलामगिरीत होती. तरी अनेक दशकं पर्यटकांना प्रामुख्याने गव्हर्नर आणि जमीनदारच भेटत. 1979 मध्ये कृष्णवर्णीयांचं जगणं दाखवणारे कार्यक्रम सुरू झाले. 1994 मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखवला, तेव्हा निदर्शनं झाली. आणखी एक गोष्ट. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची 1856ची इमारत संग्रहालयाने 1950च्या दशकात विकत घेऊन पाडली. पुढे त्या जागेवर पार्किंग झालं. 2020 मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं, तेव्हा खाली आधीच्या चर्चचा पाया आणि कबरी सापडल्या.

आता संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर असं संग्रहालय अठराव्या शतकासाठी दुय्यम साधन आहे. पण विसाव्या शतकाला आपला भूतकाळ कसा हवा होता, या प्रश्नासाठी तेच प्राथमिक साधन ठरतं. साधन बदललं नाही, तुमचा प्रश्न बदलला. प्रबंधाच्या आराखड्यात मुलांची गाडी अडते ती नेमकी इथेच.

तुम्ही अशा ठिकाणी जाल तेव्हा वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'हे यांना कशावरून कळलं'. कारागिरांना बिनधास्त विचारा. ते आजच्या भूमिकेतून बोलतात, त्यामुळे पुरावा कोणता आणि अंदाज कोणता, हे सांगू शकतात. पात्र बनून बोलणाऱ्या नटाला हे विचारलं तर तो भूमिका सोडेलच असं नाही. आणि शेवटी पानाच्या तळाशी लिहा : इथे कोण दिसलं नाही?

माझ्या वहीत उजवा रकाना नव्हताच. 'रस्ते स्वच्छ होते' या वाक्यासमोर आता मी लिहिलंय : आजची झाडलोट.