मोपा विमानतळ आणि पर्यावरण आघात मूल्यांकन : पहिल्या प्रपत्राचे महत्त्व

विमानतळ बांधण्याचा किंवा असलेली धावपट्टी लांबविण्याचा प्रस्ताव पुढे आला की वृत्तपत्रांतून बहुधा दोनच बाजू वाचावयास मिळतात. एक म्हणते, विकास हवा. दुसरी म्हणते, निसर्ग वाचवा. या दोहोंच्या मध्ये काही शे पानांचा एक दस्तऐवज असतो, आणि तो फारच थोडे लोक वाचतात. त्यास पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल असे म्हणतात. पदवी वर्गांना पर्यावरण अभ्यास हा विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकांना हे नाव परिचित आहे. क्रमिक पुस्तकात त्यावर परिच्छेद, दीड परिच्छेद असतोही. तथापि ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते आणि कोठे अडखळते, हे समजण्यास गोव्यातील मोपा विमानतळाच्या प्रकरणाइतके उपयुक्त उदाहरण जवळपास दुसरे नाही.

दाबोळी येथील विमानतळ हा मुळात नौदलाचा तळ आहे. तेथील नागरी वाहतुकीस जागेची व वेळेची मर्यादा पडते, म्हणून उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर दुसरा विमानतळ बांधण्याचा विचार २००० सालापासून चालू होता. हे पठार महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. पलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी व दोडामार्ग हे तालुके असून तेथून पश्चिम घाटाची चढण सुरू होते. जिल्ह्याची वा राज्याची हद्द कागदावर असते; पाणी, पक्षी व वन्य प्राणी ती ओळखत नाहीत. या प्रकरणातील पुष्कळसा वाद याच साध्या गोष्टीभोवती फिरला.

केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार विमानतळ प्रकल्पास बांधकामापूर्वी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. ही अधिसूचना केवळ नव्या प्रकल्पांपुरती नाही. चालू प्रकल्पांचा विस्तारही तिच्या कक्षेत येतो. प्रक्रियेचे टप्पे असे : प्रथम प्रकल्पकर्ता ‘प्रपत्र १’ भरून देतो. ते पाहून तज्ज्ञ मूल्यांकन समिती अभ्यासाची व्याप्ती, म्हणजे कशाकशाची तपासणी करावयाची हे, ठरवून देते. मग अहवालाचा मसुदा तयार होतो व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. सुनावणीतील हरकतींची दखल घेऊन अंतिम अहवाल समितीपुढे जातो. समिती छाननी करून मंत्रालयाकडे शिफारस करते.

ही साखळी पाहता लक्षात येते की पुढची प्रत्येक कडी पहिल्या कडीवर टांगलेली आहे. प्रपत्र १ मध्ये प्रकल्पस्थळापासून १५ किलोमीटरच्या आत काय काय आहे, असा स्पष्ट प्रश्न आहे : कायद्याने संरक्षित क्षेत्रे, वने, पाणथळी, जलप्रवाह, डोंगर, दुर्मीळ वनस्पती व प्राण्यांचे अधिवास, भूजल. येथे जर ‘नाही’ असे लिहिले, किंवा काहीच लिहिले नाही, तर समिती त्या गोष्टीचा अभ्यास सांगत नाही. अभ्यास नाही म्हणून अहवालात उल्लेख नाही. अहवालात उल्लेख नाही म्हणून जनसुनावणीला आलेल्या शेतकऱ्याच्या हातात बोट ठेवायला ओळ नसते. तो तोंडी सांगतो की अमुक ठिकाणी बारमाही झरा आहे. अधिकारी ते टिपून घेतात. आणि विषय तेथेच संपतो. म्हणूनच अधिसूचनेच्या आठव्या परिच्छेदात असे कलम आहे की जाणूनबुजून माहिती दडविल्यास अथवा खोटी वा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास अर्ज फेटाळता येतो व दिलेली मंजुरीही रद्द करता येते.

मोपाच्या बाबतीत व्याप्तीनिश्चिती २०११ साली झाली, जनसुनावणी फेब्रुवारी २०१५ मध्ये झाली आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरणीय मंजुरी मिळाली. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील झाले. लवादाने २१ ऑगस्ट २०१८ च्या निकालात काही जादा अटी घालून मंजुरी कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ मार्च २०१९ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. हेमंत गुप्ता यांच्या खंडपीठाने मंजुरी स्थगित केली.

हा निकाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. गोव्याला दुसरा विमानतळ हवा की नको, या प्रश्नात न्यायालय शिरले नाही. तो धोरणाचा प्रश्न आहे. न्यायालयाने तपासले ते एवढेच की निर्णयाची पद्धत कायद्याने घालून दिल्याप्रमाणे पाळली गेली की नाही. आणि तेथे उणिवा आढळल्या. परिसरातील वने व सीमेपलीकडील पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती प्रपत्र १ मध्ये जशी द्यावयास हवी होती तशी दिलेली नव्हती. जनसुनावणीत लोकांनी मांडलेल्या हरकतींचा समितीने सविस्तर विचार केल्याचे दिसत नव्हते. शिफारस करताना कारणे नोंदविलेली नव्हती. समितीचे काम छाननीचे आहे, केवळ पुढे पाठविण्याचे नव्हे, असा न्यायालयाचा आशय होता. लवाद ही तज्ज्ञ सदस्यांसह स्थापन झालेली न्यायसंस्था असल्याने तिने गुणवत्तेवर खोल तपासणी करावयास हवी होती, हेही न्यायालयाने दाखवून दिले. दोष मंजुरीनंतर अटी घालून भरून निघत नाही, कारण अट कशावर घालायची हेच मुळात तपासलेले नसते. हा मुद्दा विद्यार्थ्यांना नीट समजावून द्यावा असा आहे.

मोपाचे पठार जांभ्याचे आहे. कोकणात व गोव्यात अशा उघड्या पठारास सडा म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर उभे राहिल्यास काळा-तांबूस दगड, वाळलेले गवत आणि तुरळक झुडपे एवढेच दिसते, आणि महसुली भाषेत ‘पडीक’ हा शब्द सहज तोंडी येतो. परंतु पहिला पाऊस पडताच तेच ठिकाण पालटते. दगडाच्या खळग्यांत पाणी साठते, गवत उगवते, कीटकभक्षी वनस्पती व नाना जातींची रानफुले पठार व्यापतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून मुरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते व पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पायथ्याच्या गावांची भातशेती, बागायत व पिण्याचे पाणी या झऱ्यांवर अवलंबून असते. धावपट्टीसाठी सडा कापून सपाट केला आणि त्यावर काँक्रीट व डांबर पसरले की मुरणारे पाणी वाहू लागते. म्हणजे पावसाळ्यात शेतात गाळ आणि उन्हाळ्यात विहिरीला तळ, अशी दोन्हीकडून हानी संभवते. योग्य निचरा व पुनर्भरण यांची योजना केल्यास ती बरीच कमी करता येते. परंतु ती योजना आखण्यासाठी झरे आधी नकाशावर असावे लागतात.

आता गंमत अशी की आपल्याकडील अहवालांसाठी हवा, पाणी, ध्वनी इत्यादींची मूळ स्थितीची मोजमापे पुष्कळदा एकाच ऋतूतील, तीही पावसाळा वगळून, घेण्याची पद्धत आहे. हवेतील धूलिकणांसाठी ती समजण्यासारखी आहे, कारण पावसात धूळ खाली बसते. पण जो सडा फक्त पावसाळ्यातच जिवंत दिसतो, त्याचे मोजमाप उन्हाळ्यात घेणे म्हणजे महाविद्यालयाची पटसंख्या मे महिन्याच्या सुटीत मोजण्यासारखे आहे.

स्थगितीनंतर समितीने पुनर्विचार करून नव्या अटींसह पुन्हा शिफारस केली. १६ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती उठविली. विमानतळ शून्य-कार्बन पद्धतीने चालविण्याची हमी त्यात समाविष्ट झाली आणि अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे ‘नीरी’कडे, सोपविण्यात आले. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. शेवटी विमानतळ झालाच, मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की ज्यांना प्रकल्प थांबावा असे वाटत होते त्यांच्या दृष्टीने उपयोग थोडाच झाला. परंतु प्रपत्र १ हे केवळ रकाने भरण्याचे काम नसून संपूर्ण माहिती देण्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदले गेले, आणि पुढच्या कोणत्याही धावपट्टीच्या, बंदराच्या वा खाणीच्या वादात त्याचा आधार घेता येतो.

मार्च २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. त्यात जनसुनावणीच्या सूचनेचा कालावधी ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचे सुचविले होते. त्यावर देशभरातून मोठ्या प्रमाणावर हरकती गेल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही.

वर्गात हा विषय घेणाऱ्यांसाठी एक सोपा उपक्रम आहे. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबर रोजी, सादर करावयाचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज मानला जातो. विद्यार्थ्यांच्या दोन गटांपैकी एकास जवळच्या प्रकल्पाचे प्रपत्र १ द्यावे, दुसऱ्यास हा सहामाही अहवाल. मग त्यांना प्रकल्पस्थळाच्या पायथ्याच्या गावी, शक्यतो जुलै महिन्यात, घेऊन जावे आणि तेथील वृद्धांना झऱ्यांची नावे विचारून ती दोन्ही कागदांत शोधावयास सांगावी.