जुन्या पिकअपचा स्टिअरिंग शाफ्ट : बदलताना काय पाहावे?

आपल्या औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) परिसरातील लहान व्यापाऱ्यांचा धंदा बऱ्याच अंशी पिकअप गाडीवर चालतो. कापडाचे गठ्ठे असोत, भांडी असोत की लाकडी सामान, आठवडी बाजाराला माल याच गाडीतून जातो. आम्ही कापडाचे व्यापारी, मिस्त्री नाही. पण ज्या गाडीवर आपला माल आणि आपली माणसे असतात, तिची माहिती मालकाला असलीच पाहिजे, असे आम्हाला वाटते. म्हणून या वेळी स्टिअरिंग शाफ्टविषयी लिहीत आहोत.

टायर झिजला तर दिसतो, ब्रेक कमी झाला तर पायाला कळते. स्टिअरिंग शाफ्ट मात्र बॉनेटखाली आत असतो आणि हळूहळू झिजतो. तो तुटला किंवा दात्यांवरून सुटला, तर ड्रायव्हरच्या हातात नुसते चाक राहते. कन्नडच्या औट्रम घाटात किंवा म्हैसमाळच्या वळणावर असे झाले तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

आपली गाडी कोणत्या बनावटीची?

आपल्याकडील जुन्या जीप आणि पिकअप बहुधा महिंद्राच्या. ही कंपनी १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद, जे फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.

विलिस जीपच्या जुन्या बनावटीत चाकापासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत एकच लांब सरळ दांडा येत असे. पुढच्या गाड्यांत वरचा कॉलम आणि खालचा बॉक्स यांच्यामध्ये वेगळा शाफ्ट आला. त्याला क्रॉसचे सांधे असतात, काहींना रबरी कपलिंगही असते. दोन्ही बनावटींचे भाग वेगळे असतात. दुकानात नुसते "जीपचा शाफ्ट द्या" म्हणू नये. मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर सांगावा आणि शक्य असेल तर जुना शाफ्ट सोबत न्यावा.

आधी दोष शोधा

स्टिअरिंगमध्ये प्ले आला म्हणजे शाफ्टच गेला, असे नाही. टाय रॉडचे बॉल जॉइंट, किंगपिन, चाकाचे बेअरिंग किंवा खुद्द स्टिअरिंग बॉक्स, यांपैकी काहीही झिजलेले असू शकते. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून शाफ्टकडे पाहावे. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून पाहावे, मात्र पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवावा. सांध्याचा वरचा भाग फिरतो आणि खालचा थांबून मग फिरतो, किंवा खटखट आवाज येतो, तर दोष त्या सांध्यात आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांहून जास्त चालत नाही. घड्याळात बारा ते एक हे अंतर ३० अंशांचे. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. प्ले तिथपर्यंत वाढण्याची वाट पाहू नये.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट दात्यांची. शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात, त्यांना मिस्त्री लोक स्प्लाइन म्हणतात. दात्यांची संख्या आणि जाडी दोन्ही तंतोतंत जुळली पाहिजे. "जवळपास बसतो" म्हणून ठोकून बसवलेला शाफ्ट पुढे दाते खातो.

दुसरी गोष्ट लांबीची. कच्च्या रस्त्यावर बॉडी आणि चेसिस वेगवेगळे हलतात, म्हणून अनेक शाफ्ट एकात एक सरकणारे असतात. शाफ्ट आखूड पडला तर दाते जेमतेम अडकतात. लांब झाला तर बॉक्सच्या बेअरिंगवर दाब येतो.

तिसरी गोष्ट टकरीची. अनेक गाड्यांत समोरून धडक बसली तर शाफ्ट किंवा कॉलम आत दबावा, अशी योजना असते. त्यामुळे स्टिअरिंगचे चाक ड्रायव्हरच्या छातीवर येत नाही. त्या जागी भरीव सळई बसवली, तर हे संरक्षणच जाते.

चौथी गोष्ट क्रॉसची. काही शाफ्टमध्ये सर्कलिप काढून नुसता क्रॉस बदलता येतो आणि पैसे वाचतात. काहींत क्रॉस ठोकून पक्का केलेला असतो, तिथे पूर्ण शाफ्टच घ्यावा लागतो. आपल्या भागातील धूळ आणि नाल्यातील पाणी यांनी क्रॉसमधील बारीक बेअरिंग लवकर गंजते, म्हणून रबरी सील धड आहे की नाही ते पाहावे.

भंगारातला शाफ्ट स्वस्त पडतो. पण तो ज्या गाडीतून निघाला, ती कशी भंगारात गेली हे कोण सांगणार? अपघातात एकदा दबलेला शाफ्ट रंग मारून नवा दिसतो. आमचे मत स्पष्ट आहे. सीट, आरसा, दरवाजा जुना घ्या. स्टिअरिंग आणि ब्रेकचा भाग जुना घेऊ नका. कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा शाफ्ट पक्क्या बिलावर घ्यावा.

बसवताना

शाफ्ट काढण्यापूर्वी चाके सरळ ठेवावीत आणि दात्यांवर खूण करावी. दोन क्रॉस असतील तर त्यांचे काटे कंपनीने ठेवले त्याच मेळात बसले पाहिजेत. मेळ चुकला तर स्टिअरिंग एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलके लागते. आवळण्याचा बोल्ट अनेक शाफ्टमध्ये दात्यांवरील खाचेतून जातो. तो सहज जात नसेल तर शाफ्ट पूर्ण बसलेला नाही, हातोडा मारू नये. बोल्ट आणि नट त्याच दर्जाचे, नवे आणि कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळलेले असावेत. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासून घ्यावेत.

कारागीर बांधवांना विनंती

आपल्या गॅरेज आणि लेथच्या धंद्यात आपल्या बांधवांचे हात कसबी आहेत. गिऱ्हाईक म्हणते, "उस्ताद, तुटलेल्या शाफ्टला वेल्डिंग मारून द्या, आजचा बाजार करायचा आहे." अशा वेळी नाही म्हणणे अवघड असते, कारण समोरचा ओळखीचा असतो आणि रोजीही हवी असते. पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचे लोखंड बदलते आणि पुढचा तडा बहुधा तिथेच जातो. कापडाचा जोड उसवला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडते. हा जोड उसवला तर भांडायला कोणी परत येणार नाही.

ऐब लपवून माल विकण्यास आपल्या दीनने मनाई केली आहे. जुना शाफ्ट रंगवून नवा म्हणून देणे हा तोच प्रकार आहे. आणि मालकांनी हे ध्यानात ठेवावे की ड्रायव्हर आणि मागे बसलेले हमाल ही त्यांच्याकडे सोपवलेली अमानत आहे. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच आपल्याला शिकवण आहे. या जुम्याला दुकान बंद असेल, तेव्हा बॉनेट उघडून शाफ्ट एकदा पाहून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.