‘प्रमोशन नको’ म्हणणारी माणसं

सरकारी बँकांच्या नोकरीतली एक गोष्ट बाहेरच्यांना नेहमी कोड्यात टाकत आली आहे. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेला, कामात वाघ असलेला कारकून अधिकारीपदाच्या परीक्षेचा फॉर्मच भरत नाही. एखादा भरतो, पासही होतो आणि बदलीचं गाव कळल्यावर ‘प्रमोशन नको’ असं लेखी देऊन मोकळा होतो. मी नोकरीत होतो तेव्हा अशी माणसं शाखेशाखेत भेटत. ‘महत्त्वाकांक्षाच नाही हो यांना!’ असा शेरा साहेबलोक सहज मारत.

या शेऱ्यामागे थोडं शास्त्रही होतं. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात आम्हाला अब्राहम मॅस्लो शिकवत. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली एका लेखात माणसाच्या गरजांची उतरंड मांडली. तळाशी अन्न, पाणी, झोप; त्यावर सुरक्षितता; मग आपुलकी; मग मानसन्मान आणि सर्वांत वर स्वतःमधलं जे काही आहे ते पुरतं फुलवण्याची ओढ. खालची गरज बऱ्यापैकी भागली की वरची डोकं वर काढते. फळ्यावर त्रिकोण निघे, आम्ही तो वहीत उतरवून घेत असू आणि शाखेत परतल्यावर समोरचा माणूस कितव्या पायरीवर आहे ते शोधू लागत असू.

या विचाराचं मोठेपण आधी मान्य केलं पाहिजे. एके काळी फ्रेडरिक टेलरच्या प्रभावाखाली कारखान्यांत घड्याळ लावून मजुरांची हालचाल मोजली जाई. त्या जगाला मॅस्लोने सांगितलं की, माणूस पगाराच्या पाकिटात मावत नाही. पुढे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं : कामात तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? नाराजीच्या आठवणींत कंपनीचे नियम आणि साहेबाची वागणूक अशा गोष्टी होत्या. आनंदाच्या आठवणींत तडीस गेलेलं काम, मिळालेली शाबासकी आणि अंगावर पडलेली जबाबदारी होती. पंखा बसवला की कुरकुर थांबते. पण पंख्याच्या वाऱ्याने कुणी मन लावून लेजर जुळवत नाही, असा त्याचा आपल्या भाषेतला अर्थ.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या एका शाखेत जुन्या व्हाउचरांची खोली म्हणजे उंदरांचं संस्थान झालं होतं. मॅनेजरांनी त्या खोलीची किल्ली आणि एक कोरं रजिस्टर एका वयस्क शिपायाच्या हाती दिलं. ‘ही खोली तुमची,’ एवढंच ते म्हणाले. सहा महिन्यांत दहा वर्षांपूर्वीचं व्हाउचर पाच मिनिटांत मिळू लागलं. शिपाईबुवांचा पगार एका रुपयानेही वाढला नव्हता.

मग अडतं कुठे? पहिलं म्हणजे, उतरंडीचा क्रम सिद्ध झालेला नाही. १९७६ साली वाहबा आणि ब्रिडवेल या दोघांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा या क्रमाला फारच थोडा आधार सापडला. गंमत म्हणजे हा क्रम ताठर नाही, असं मॅस्लोने मूळ लेखातच म्हटलं होतं. तो प्रसिद्ध त्रिकोणही त्याचा नव्हे. तो व्यवस्थापनाच्या लेखकांनी काढला. हर्झबर्गवरही आक्षेप आहेच. यशाची आठवण सांगताना माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचं खापर ऑफिसवर फोडतो. मग त्या आठवणींवर सिद्धान्त किती उभारायचा?

आणि आपल्याला तरी पुस्तकाची काय गरज? दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकोबा कोणत्या पायरीवर होते?

आता त्या कारकुनाकडे वळू. घरी म्हातारी आई, मुलीचं दहावीचं वर्ष, बायकोची शाळेतली नोकरी. बदली घेतली तर दोन चुली. या माणसाला महत्त्वाकांक्षा असते, पण ती मुलीच्या मार्कांत आणि आईच्या औषधपाण्यात गुंतलेली असते. सिद्धान्त एका माणसाच्या गरजा मोजतो. हा माणूस मात्र पाच जणांचा हिशेब करून सही करतो.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. ‘पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे’ हे वाक्य पैसे देणाऱ्याच्या तोंडी फार सोयीचं पडतं. रोजंदारीवर वर्षानुवर्षं राबणारे टेम्पररी शिपाई मी पाहिले. अशाच एकाला वर्धापनदिनी शाल आणि प्रशस्तिपत्रक मिळालं. टाळ्या थांबल्यावर त्याने मला हळूच विचारलं, ‘‘साहेब, कायम कधी करणार?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो अधिकार माझ्या खुर्चीला नव्हता. खालचं मडकं रिकामं ठेवून वरच्याला रंग देण्याचा हा उद्योग मॅस्लोने कुठेच सांगितलेला नाही. आज कंत्राटी कामगारांच्या ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’च्या तसबिरी पाहताना मला तोच प्रश्न ऐकू येतो.

म्हणून हे सिद्धान्त टाकून द्यावेत असं मी म्हणणार नाही. माणसाला काय काय हवं असू शकतं, याची ती चांगली यादी आहे. पण समोरच्या माणसाला त्यातलं काय हवं आहे, हे त्यालाच विचारावं लागतं. त्यासाठी मॅनेजर असण्याचीही जरुरी नाही. येत्या दिवाळीत घरकामाच्या मावशींना साडी देण्याआधी एकदा विचारून पाहा. कदाचित त्यांना महिन्यातून चार भरपगारी सुट्ट्या हव्या असतील.