ऊसतोडीला निघण्याआधी लेकराची चाल बघा



दिवाळी जवळ आली की आपल्या गेवराई तालुक्यात घरोघर ऊसतोडीला जायची बांधाबांध सुरू होते. भांडी, अंथरूण, कोयता, सगळं आठवणीनं घेतलं जातं. आम्ही उमापूरच्या बचत गटांतल्या बाया आज एक काम त्यात वाढवायला सांगतोय. निघण्याआधी प्रत्येक लेकराचे हातपाय, पाठ आणि चाल बघून घ्या. एकदा टोळी गेली की पाच-सहा महिने फडातून दवाखान्यात जाणं अवघड होतं.

इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांसाठी एक सोपी तपासणी तयार केली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. तिच्या सुरुवातीला तीनच प्रश्न आहेत. सांधे, स्नायू किंवा पाठ दुखते का, आखडते का? कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का? पायऱ्या चढता-उतरता येतात का? घरात जिना नसला तर देवळाच्या पायऱ्या चालतील.

मग लेकराला अनवाणी चालवून बघा. लंगडतं का? टाचा टेकतात का? वाकायला सांगून मागून पाठ बघा. एक बाजू जास्त वर दिसली तर कण्याला बाक असू शकतो. जमिनीवर बसवून उठायला सांगा. चार-पाच वर्षांचं लेकरू स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उठत असेल, तर स्नायूंची ताकद कमी आहे. त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

तान्ह्या बाळाचे दोन्ही पाय सारखे लांब आहेत का, मांड्या सारख्याच फाकतात का, ते बघा. फरक असेल तर खुब्याचा सांधा सरकलेला असू शकतो. बाळाला गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. कडेवर घेतलं की पाय फाकलेले राहतात, ते खुब्याला चांगलं.

सगळंच वाकडं म्हणजे आजार नव्हे. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसतात. तीन-चार वर्षांच्या लेकराचे गुडघे एकमेकांना लागतात, ते बहुतेक वेळा सातव्या वर्षापर्यंत सरळ होतात. पण एकच पाय वाकडा असेल किंवा वाक वाढत असेल, तर दाखवायला हवं.

ताप आहे, सांधा सुजून गरम झालाय आणि लेकरू पाय टेकत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात पू झाला असेल तर थोड्याच दिवसांत सांधा कायमचा खराब होतो. त्यावर मालीश नको, लेप नको, ओढाताण नको.

आता जन्मतः आत वळलेल्या पावलाबद्दल. हजार बाळांमागे साधारण एकाला हे होतं. ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं, असं म्हणत आईला बोल लावतात. त्यात काही तथ्य नाही. हे पाऊल बरं होतं. डॉक्टर पोन्सेटी यांच्या पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा प्लास्टर घालतात. बहुतेक बाळांची टाचेची शीर छोटा छेद देऊन मोकळी करतात. पुढं दांडीला जोडलेले खास बूट असतात. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. बूट सोडले की पाऊल पुन्हा वळतं. म्हणून बाळासोबत बूटही कोपीवर गेले पाहिजेत. प्लास्टर चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की आम्ही तोडीला जातोय. कारखान्याजवळ कुठं दाखवायचं ते विचारा आणि कागद सोबत ठेवा. जमलं तर प्लास्टर पुरी होईपर्यंत आई-बाळाला मागं राहू द्या, आणि हे मुकादमाशी उचल घेतानाच बोलून ठेवा.

पैशांची काळजी करत घरी बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. वळलेलं पाऊल, सरकलेला खुबा आणि मुडदूस हे तिन्ही त्यात आहेत. पण पथक आलं तेव्हा लेकरू फडात असेल तर त्याची तपासणी राहून जाते. म्हणून पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना आत्ताच विचारा. तारीख लांब असेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

येत्या बैठकीत हप्ता गोळा झाला की वहीच्या मागच्या पानावर एक यादी करू या. तोडीला जाणारी लेकरं किती, तपासलेली किती, बूट कुणाला आहेत. ज्या बाया गावात राहणार आहेत, त्यांनी राहिलेल्या लेकरांची नावं आशाताईंकडे द्यायची.