निकाह झाला, नागरिकत्व कधी?

सून कराचीची असो, कोलंबोची असो की लंडनमध्ये वाढलेली. जळगाव किंवा धुळ्यात तिचा निकाह झाला की घरातले सगळे धरून चालतात, आता ती आपली झाली. घरापुरते ते खरेच आहे. कायद्याच्या लेखी मात्र ती परदेशी नागरिकच असते. निकाहाने तिला नागरिकत्व मिळत नाही, फक्त ते मागण्याचा एक मार्ग मिळतो. हा फरक न कळल्यामुळे वर्षे वाया जातात आणि कधी कधी मुलांचाही प्रश्न उभा राहतो.

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ५(१)(ग) प्रमाणे भारतीय नागरिकाशी विवाह झालेली आणि सात वर्षे भारतात राहिलेली व्यक्ती नोंदणीने नागरिकत्व मागू शकते. सुरुवातीला ही सोय फक्त भारतीयांच्या पत्नींसाठी होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती पतींनाही लागू झाली. त्या वेळी अट पाच वर्षांची होती; २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. या कलमात धर्माचा उल्लेख नाही. २०१९ च्या दुरुस्तीवरून पुष्कळांची समजूत झाली, की मुस्लिम सुनेला आता अर्जच करता येत नाही. तसे नाही. हे कलम आजही लागू आहे.

सात वर्षे मोजायची कशी? अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात राहिलेले हवेत. त्याच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे राहिलेले हवे. समजा, सून १ जून २०१८ ला धुळ्यात आली आणि कुठेही गेली नाही, तर १ जून २०२५ पासून ती अर्ज करू शकते. मध्ये २०२१ साली ती चार महिने माहेरी राहून आली असेल, तर तारीख चार महिने पुढे जाते. पण शेवटच्या बारा महिन्यांत ती दोन महिने बाहेर गेली, तर ते बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. विशेष कारण असेल तर केंद्र सरकार त्यात जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकते. म्हणून माहेरचे लग्न असो की अम्मीचे आजारपण, तिकीट काढण्याआधी हा हिशेब जरूर करावा.

काही सुनांना सात वर्षे थांबायचीही गरज नसते. आपल्याकडे नात्यात नाते जोडण्याची रीत आहे. जळगावची मुलगी लग्न होऊन कराचीला गेली, तिकडची नागरिक झाली आणि पुढे तिची मुलगी सून होऊन जळगावात आली, तर कलम ५(१)(च) पाहावे. स्वतः अर्जदार किंवा तिच्या आईवडिलांपैकी कुणी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असतील, तर भारतात बारा महिने राहिल्यावर अर्ज करता येतो. त्यासाठी आईचा जुना भारतीय पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला असे कागद लागतील. नानीच्या ट्रंकेत पडून असलेला एखादा जुना कागद सहा वर्षे वाचवू शकतो.

सर्वात महत्त्वाची अट म्हणजे मुक्काम कायदेशीर हवा. व्हिसाची मुदत संपूनही राहिलेली व्यक्ती कायद्यात ‘अवैध स्थलांतरित’ ठरते आणि तिला या कलमाने नोंदणी मिळत नाही. याचा फटका मुलांनाही बसतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरण्यासाठी दोन्ही पालक नागरिक हवेत; किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा बाळाच्या जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा. म्हणजे आईच्या व्हिसाचे नूतनीकरण राहिले, तर बाळाचे नागरिकत्वही अडचणीत येते. पाकिस्तानी सुनांसाठी दीर्घकालीन व्हिसाची सोय आहे. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घकालीन, राजनैतिक आणि अधिकृत व्हिसा त्यातून वगळले होते. त्या वेळी कोणत्या कागदावर आपण राहतो, याला किती किंमत आहे ते अनेक घरांना कळले.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. भुसावळ, रावेर, चाळीसगावच्या लोकांनी जळगावला. शिरपूर, साक्रीच्या लोकांनी धुळ्याला. व्हिसा आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचे काम जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात चालते. जिल्ह्याचा अहवाल राज्य सरकारमार्फत दिल्लीला जातो आणि निर्णय तिथे होतो. सात वर्षे झाली म्हणजे हक्क मिळाला असे नाही. कलम १४ प्रमाणे सरकार कारण न सांगताही अर्ज नाकारू शकते. म्हणून कागदात त्रुटी ठेवू नये.

निकाहनाम्यावरच थांबू नका. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहनोंदणी करून दाखला घ्या. पासपोर्ट, निकाहनामा आणि विवाहदाखला यांत नावाची अक्षरे सारखी आहेत का, ते पाहा. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. सुनेचे नाव मतदार यादीत घालण्याची घाई करू नका. नागरिक नसताना तसा अर्ज भरणे म्हणजे खोटे प्रतिज्ञापन ठरते आणि तो गुन्हा आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे जुने सोडावे लागते. पण अर्ज मान्य झाल्याचे पत्र हातात येण्याआधी ते सोडू नका, नाहीतर ती कोणत्याच देशाची राहणार नाही. शेवटी निष्ठेची शपथ आणि मग प्रमाणपत्र.

सुनेला घरात घेतो तेव्हा तिच्या जेवणखाण्याची, औषधपाण्याची जबाबदारी आपण घेतो. तिच्या कागदांची जबाबदारीही त्यातच धरावी. तिचा पासपोर्ट आणि व्हिसा तिच्याच ताब्यात असावा, व्हिसा कधी संपतो हे तिला आणि शौहरला दोघांनाही माहीत असावे आणि त्याच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाला लागावे.